शेवटची नऊ पानं

पोथी परत न्यायला पंडितजी मंगळवारी येणार होते आणि शेवटची नऊ पानं अजून पडताळायची राहिली होती.

पोथी त्यांच्या घराण्यातली, संस्कृत, अद्वैत आणि भक्तीवरची. आमच्या ह्यांनी रेल्वेतून रिटायर झाल्यावर तिची नक्कल करायला घेतली. इथे हिंदी मुलखात, बनी पार्कातल्या आमच्या दोन खोल्यांत दुसरं होतं तरी काय! मुलगा परदेशात, शेजारी 'नमस्ते जी'पुरते. रोज दुपारी हे आपली नक्कल मोठ्यानं वाचायचे आणि मी मूळ पोथीवर बोट ठेवून अक्षर न् अक्षर बघायचे. अर्थ मला कशाला कळतोय! पण चूक दिसली की मी ओरडायचे, "थांबा! एक शब्द खाल्लात." हे हसायचे. मी म्हणायचे, "मोठं आलंय तुमचं अद्वैत! तपासायला दोघं लागतात." ह्यांचं उत्तर ठरलेलं. "पोथीत तेच तर आहे. सगळं एकच हे कळलं, तरी भक्त मुद्दाम दुसरा राहतो. प्रेम करायला कुणीतरी नको का?"

पण दर पानाला दोन-तीन चुका! एके दिवशी माझं डोकंच फिरलं. "तीस वर्षं ऑफिसात एक काना-मात्रा चुकली नाही, आणि इथेच बरा हा धांदरटपणा! तुमचं तुम्ही बघा. मी नाही बसणार." उरलेली नऊ पानं ह्यांनी एकट्यानं लिहिली आणि होळीच्या आधी हे गेलेच. आता घरात मराठी बोलते ती फक्त देवाशी.

पंडितजी आले, तेव्हा मी त्यांना हातापाया पडून बसवून घेतलं. ते ह्यांच्या खुर्चीत बसून नक्कल वाचू लागले. मी पोथीवर बोट ठेवलं. 'थांबा' अगदी जिभेवर होतं. पहिलं पान झालं, दुसरं झालं. नऊही पानं संपली, एकदाही थांबवावं लागलं नाही.

"क्या साफ हाथ था!" पंडितजी म्हणाले. "एक भी गलती नहीं."

पोथी लाल फडक्यात बांधून ते गेले. मी ह्यांच्या नकलेची आधीची पानं काढली. माझ्या लाल पेनाच्या खुणा जागोजाग होत्या. सगळ्या चुका कशा ठसठशीत, पानाच्या मधोमध, माझ्यासारख्या अडाणी बाईलाही सापडाव्यात अशा. मुद्दाम करत होते हो, मी समोर बसावं म्हणून.

आणि मी म्हटलं होतं, मी नाही बसणार.