तिसऱ्या खणातली कुपी

मी आयुष्यात पुष्कळ वेळा मेले. विषाने, विरहाने, एकदा तलवारीच्या वाराने, आणि दर वेळी प्रेक्षकांना रडवून. पण माझं मरण कुणाच्या उपयोगी पडलं ते वेणीमाधव आठल्येमुळे. रंगभूमी सुटल्यावर मी काशीला, रामघाटावर पुतण्याकडे राहायला आले, तेव्हा शेजारचा हा वेणीमाधव ॲम्ब्युलन्सवर होता आणि नव्या पोरापोरींना शिकवतही होता. दवाखाना गाठेपर्यंत रोग्याला कोणतं औषध द्यायचं, किती, कुठे टोचायचं. वर्गात त्याला खोटा रोगी हवा होता.

"काकू, इतकं सुंदर मरू नका," पहिल्याच दिवशी तो म्हणाला. "खरा माणूस ओकतो, लाथा झाडतो."

मी लाथा झाडायला शिकले.

त्याचे वडील वेदपाठशाळेत गुरुजी. त्या घरात पोथीकडे बघून म्हणणं म्हणजे लाज. मुलाने वेद सोडले, पण सवय सुटली नाही. औषधांची पेटी त्याला पाठ होती. तिसऱ्या खणात ॲड्रिनलिन, डंखाने घसा सुजून श्वास कोंडला तर द्यायचं; चौथ्यात ॲट्रोपिन, मंदावलेल्या नाडीसाठी; दोन्ही करंगळीएवढ्या काचेच्या कुप्या. त्याची नजर रोग्याच्या तोंडावर आणि हात आपला आपण कुपी काढणार. कुपीवरचं नाव मोठ्याने वाचा, जोडीदाराला दाखवा, मग सुई भरा, असा नियम तो फळ्यावर लिहायचा. स्वतः पाळायचा नाही. सुरेखा ही त्याची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. तीही न बघता कुपी काढू लागली होती आणि त्याला त्याचं कौतुक होतं. मलाही होतं, खोटं कशाला बोलू. टाळी घेणारा प्रवेश होता तो.

चैत्रातल्या एका दुपारी शिंदे घाटावर गांधीलमाश्या उठल्या. दत्तात्रेय भटजींची बायको सीता पायरीवर पूजेची भांडी घासत होती, तिला त्या डसल्या. वेणीमाधव पोचला तेव्हा तिचा घसा सुजला होता, श्वासाला शिट्टी लागली होती. जोडीदार स्ट्रेचर उलगडत होता. वेणीमाधवने तिसऱ्या खणातली कुपी काढली, मांडीत टोचली. फरक पडेना. पाच मिनिटांनी त्याच खणातली दुसरी. गल्लीतून मोठ्या रस्त्यावर यायच्या आत सीता गेली.

संध्याकाळी पेटी पुन्हा भरताना त्याने रिकाम्या कुप्या पाहिल्या. दोन्हींवर ॲट्रोपिन. आधीच्या पाळीत कुणीतरी खण उलटे भरले होते. कागदावर तो ॲड्रिनलिन लिहून मोकळा झाला होता.

कुणी काही विचारलं नाही. काशीत आलेल्या मरणाची चौकशी कोण करतं? तेराव्याला दत्तात्रेयांनी त्याला पंक्तीला बसवलं आणि स्वतः वाढलं. "शर्थ केलीस रे. तिची वेळ झाली होती, मुक्ती मिळाली," म्हणाले.

तिथून उठून तो थेट माझ्याकडे आला. रुमालातल्या दोन कुप्या माझ्यापुढे ठेवून त्याने सगळं सांगितलं.

"मला हे दत्तूकाकांना सांगायचंय. तोंडच उघडत नाही. तुम्ही दत्तूकाका व्हा."

"नोकरी जाईल तुझी."

"जाईल."

"शिकवणंसुद्धा."

त्याने कुप्या पुन्हा रुमालात गुंडाळल्या. "सुरेखा परवापासून गाडीवर जाणार आहे," मग म्हणाला. "ती कुपीकडे बघत नाही, काकू. मी तशी तयार केलीय तिला."

मी खांद्यावर उपरणं टाकून बसले. तो बोलला. मी डोळे पुसले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला, क्षमा केली. बरा वठला होता प्रवेश.

"नको," तो म्हणाला. "माफ करतील असं धरून मी जाणार नाही. परत."

दुसऱ्या खेपेला मी त्याला शिव्या दिल्या. तिसऱ्या खेपेला नुसती बघत बसले, तेव्हा कुठे तो शेवटपर्यंत बोलला.

त्याच्याबरोबर मीही गेले. दत्तात्रेय उंबऱ्यात उभे राहून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"बरोबर औषध दिलं असतंस तर?"

सांगता येत नाही, असं म्हणायला वाव होता. मी त्याच्या जागी असते तर तेच वाक्य म्हटलं असतं, आणि चांगलं म्हटलं असतं.

"बहुतेक वाचल्या असत्या," वेणीमाधव म्हणाला.

"तेराव्याला मी तुला माझ्या हाताने वाढलं," दत्तात्रेय म्हणाले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही कुप्या वर्गातल्या टेबलावर ठेवल्या. मुलांना सगळं सांगितलं, मग साहेबांना लिहून दिलं. सुरेखा रडली नाही. तिने एक कुपी उचलून उजेडात धरली आणि नाव वाचलं. तो तिच्याकडून वाचून घेत राहिला, दहा वेळा, वीस वेळा, वरून बोलावणं येईपर्यंत.

त्याला काढलं. आता तो पाठशाळेतल्या मुलांच्या जेवणाचं बघतो. शिंदे घाटावरून जात नाही. दत्तात्रेय समोरून आले तर वाट बदलतात.

वर्ग सुरेखा घेते. मी अजून दर मंगळवारी मरते. डोळे मिटून पडलेली असते, घसा घरघरवत असते, आणि सुरेखा कुपी वाचते, जोडीदार वाचतो, ती पुन्हा वाचते. तेवढा वेळ मला श्वास ओढून धरावा लागतो. फार लांब वाटतो तो वेळ. सीताला त्याहून लांब वाटला असेल.