चिठ्ठी बंद केली तेव्हा

आमची सॉफ्टवेअरची कंपनी म्हणजे वाशिमात एका मेडिकलच्या वरच्या दोन खोल्या. मालकीण मी, कामाला दोन मुली. मी काही कॉलेजात शिकलेली नाही. टायपिंग शिकवायची, त्यात कॉम्प्युटर आला, मग पुस्तक समोर ठेवून चुकत चुकत प्रोग्राम लिहायला शिकले. आमचा एकच माल चालायचा, खासगी दवाखान्यांचा प्रोग्राम. रक्ताचा रिपोर्ट आला की प्रिंटरमधून चिठ्ठी निघायची. कंपाउंडर ती पेशंटच्या गावच्या काळी-पिवळी जीपवाल्याजवळ द्यायचा, तो घरी नेऊन द्यायचा. आता तुम्ही हसाल, पण चिठ्ठी पोचायची.

मग मोबाइल आले. डॉक्टर लोक विचारू लागले, बाई, तुमचं मोबाइलवर काही आहे का? पुण्याची पोरं टाय लावून दवाखान्या-दवाखान्यांत फिरून राह्यली होती. आमचे तीन दवाखाने सुटले. मग आम्ही तिघींनी चार महिने खपून ॲप केलं. रिपोर्ट आला की सरळ पेशंटच्या फोनवर मेसेज जायचा, आणि पोचला की पडद्यावर त्या नावापुढं हिरवी खूण. मी ठरवलं, चिठ्ठी बंद. जुनं काही दिसलं तर डॉक्टर म्हणतील, ही बाईही जुनीच.

मुलींपैकी मोठी कमी बोलायची. ती म्हणाली, "काकू, चिठ्ठी राहू द्या. आमच्या घरी एकच फोन आहे, तो बाबा कामावर घेऊन जाते."

"तुह्या बाबाले दुसरा घेऊन दे मंग," मी म्हटलं. सगळ्या हसलो. तीही हसली. चिठ्ठीचं बटण तिनंच काढलं.

त्या हिवाळ्यात केनवडच्या पलीकडच्या एका गावची बाई आमच्याच एका दवाखान्यात तपासायला आली. आठवा महिना. रक्त फारच कमी निघालं. डॉक्टरनं लिहिलं, लगेच या, रक्त चढवावं लागेल. मेसेज गेला, हिरवी खूण आली, कंपाउंडर दुसऱ्या कामाला लागला.

फोन नवऱ्याचा होता, आणि नवरा ऊस तोडायला सांगलीकडं. एरवी दोघं जोडीनं जायचे. या खेपेला ती पोटुशी म्हणून सासूजवळ राहिली आणि घरातला एकुलता एक फोन त्याच्यासंगं गेला. मेसेज त्यानं पाहिला म्हणे. त्याला वाटलं, रिचार्जवाल्यांचा असेल. तो आम्ही इंग्रजीत लिहिला होता, हेही सांगून टाकते.

अठरा दिवसांनी तिला कळा सुरू झाल्या. गाडी मिळाली, पण वाशिमपर्यंत ती बाई जिवंत पोचली नाही. बाळही नाही.

डॉक्टर मला फोनवर म्हणाले, तुमचं काही चुकलं नाही, मेसेज तर गेला होता. तरी मी मोठीला घेऊन त्या गावी गेले. कोणी बोलावलं नव्हतं. सासू अंगणात तूर झोडपत होती. तिला वाटलं आम्ही सरकारी बाया, कसला तरी फॉर्म भरायला आलो. मी कोण ते सांगितलं, मेसेज कसा गेला तेही सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"मी तं घरीच होते न बाई," ती म्हणाली. "मले काहून नाई सांगतलं?"

मी म्हटलं, नंबर तुमच्या मुलाचा होता.

"नंबर त्याचा असन. पोरगी तं माह्याजवळ होती."

परत आल्यावर आम्ही चिठ्ठीचं बटण पुन्हा लावलं. त्या डॉक्टरला ते जुनं नको होतं. महिनाअखेर आमचा प्रोग्राम काढून पुण्याचा बसवणार, असं त्यांनी कळवलं. तोवर त्यांच्या पेशंटांची यादी आमच्याजवळ होती. म्हणून मी आणि मोठी खुर्च्या ओढून बसलो आणि यादीतल्या पोटुशा बायांच्या नावापुढचा एकेक नंबर लावत गेलो. विचारायचं एवढंच, ही बाई तुमच्याजवळ आहे का? एकानं वीटभट्टीवरून फोन उचलला, एक पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर होता. तिसरा उसाच्या फडातून बोलत होता. म्हणाला, ती गावी आहे, काय निरोप द्यायचा? निरोप काहीच नव्हता. मी म्हटलं, शेजारच्या कोणाचा तरी नंबर द्या, काही लागलं तर आम्ही तिथं सांगू.

मागून कोयत्यांचा आवाज येत होता.

"शेजारी बी इथंच आहे मावशी," तो म्हणाला. "आमची सारी गल्ली इथंच आहे."