परक्या तोंडातलं गाणं

लहूभाऊ बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहत नसत, ओठांकडे पाहत. नवख्या माणसाला वाटे, यांना ऐकायला कमी येत असावं. घोडेगावातल्या त्यांच्या फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाचा बोर्ड करून घ्यायला आलेली पोरं तर हळूच मिशी पुसून घेत, काही लागलंय की काय म्हणून. ही सवय त्यांना चाळिशीनंतर लागली आणि तिला कारण मी झाले.

मुंबईतल्या एका स्टुडिओत हॉलिवूडचे सिनेमे मराठीत आणायचं काम मी करते. संवाद लिहिणारी माणसं मिळतात, गाणी लिहिणारी मिळत नाहीत. चाल तिकडची, चित्र तिकडचं, आणि त्यात मराठी शब्द असे बसवायचे की पडद्यावरचं अस्वल जन्मल्यापासून मराठीच बोलतंय असं पोरांना वाटलं पाहिजे. असा माणूस मी बरीच वर्षं शोधत होते.

तो मला लोणीला, मामाच्या ओट्यावर बसल्या बसल्या सापडला. ग्रामपंचायतीची निवडणूक होती. समोरून जीप गेली आणि भोंग्यावर कपबशी निशाणीच्या प्रचाराचं गाणं लागलेलं. चाल एका जुन्या हिंदी गाण्याची होती, पण एकही अक्षर ओढून आणलेलं नव्हतं. गाणाऱ्याला जिथे श्वास घ्यायचा होता तिथेच शब्द संपत होता. मी मामाला विचारलं, हे लिहिलं कुणी?

"घोडेगावचा लहू. समोरच्या पार्टीचं शिलाई मशीनचं गाणंबी त्याचंच हाय," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी पंचायत समितीजवळचं ते दुकान गाठलं. मला पाहताच लहूभाऊ उठून उभे राहिले.

"ताई, तक्रार असंल तर आधीच सांगतो, दोन्ही बाजूंची गाणी मीच लिवतो. चाल तेवढी वेगळी ठेवतो, म्हंजी भांडान नाय."

मी माझं काम सांगितलं. ते म्हणाले, "मला इंग्रजी येत न्हाई."

"मला येतं. अर्थ मी सांगेन, शब्द तुम्ही द्या."

आत लॅमिनेशन करत बसलेल्या त्यांच्या बायकोनं, कमलवहिनींनी, मान वर न करता निकाल देऊन टाकला. "जावा की. फ्लेक्स काय, मीबी काढीन."

ही विद्या त्यांना मेंढरांमागे मिळाली होती. घरची मेंढरं होती, पुढे ती भावाकडे गेली. लहानपणी रानात ट्रान्झिस्टर घेऊन फिरायचे. सेल उतरले की गाण्यातले अर्धे शब्द खरखरीत बुडायचे. बुडालेल्या जागी हे आपले शब्द घालून गाणं पुरं करायचे. "खरे शब्द कोणते ते मला अजून म्हाइत न्हाई," ते सांगायचे. "माझेच मला खरे वाटत्यात."

पहिलं गाणं मात्र साफ फसलं. मधाच्या पोळ्यावर लाळ घोटणाऱ्या एका अस्वलाचं ते गाणं लहूभाऊंनी झकास लिहिलं होतं. आम्ही ऐकून हसलो. मग चित्राला लावून पाहिलं, तर अस्वल तोंड मिटून घेई तेव्हा आमचा गायक 'हा हा' करत होता, आणि अस्वलानं आ वासलेला असताना 'मम मम' चाललेलं. लहूभाऊ आवाज बंद करून तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "ताई, मी कानानं लिवलं. हे डोळ्यानं लिवायचं काम हाय." आणि कागद घेऊन गावी परतले.

पुढचे काही दिवस त्यांनी कमलवहिनींना समोर बसवून गाणं म्हणायला लावलं आणि स्वतः ओठ पाहत बसले. कुठे ओठ मिटतात, कुठे गोल होतात, कुठे जीभ दिसते. फोनवर वहिनी माझ्याकडे कुरकुरल्या. "ताई, भाकरी थापताना बी मला अस्वलाचं गाणं म्हणाया लावत्यात. गिऱ्हाईक हसतंय." दुसऱ्या खेपेला अस्वल अस्सल आमच्या आंबेगाव तालुक्यातलं वाटू लागलं.

त्यानंतर त्यांनी माझ्यासाठी किती गाणी लिहिली याचा मी हिशेब ठेवला नाही. मासे, खेळणी, हट्टी राजकन्या, गाणारी झाडं. स्टुडिओत कुणी अर्थासाठी फार अडून बसलं की ते म्हणत, "लई अर्थ भरला की गाणं पोट धरून बसतं. थोडं उपाशी ठेवा." गावात त्यांना 'हॉलिवूडवालं' म्हणून चिडवत, कारण पडद्यावर त्यांचं नाव कुणी पाहिलेलं नव्हतं. ते अगदी शेवटी येई, दिवे लागून लोक चपला शोधत असताना. वहिनींना याचा राग येई. लहूभाऊंना नाही. "पोरं गाणं म्हणत्यात ना," एवढंच ते म्हणत.

मग कमलवहिनींना लिव्हरचं दुखणं निघालं. मंचरच्या दवाखान्यात फेऱ्या सुरू झाल्या. मी म्हटलं, सध्या काम राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही. त्या वेळी आमच्याकडे एका देवमाशाचा सिनेमा होता. त्यात जखमी आई पिल्लाला अंगाई म्हणून झोपवते आणि पिल्लू जागं होतं तेव्हा ती नसते. मूळ गाण्यात ती म्हणते, तारे तुझी राखण करतील. लहूभाऊंनी लिहिलं, 'चांदण्या राखतील तुला कायम'. ओळीच्या शेवटी देवमाशाचे ओठ मिटत होते आणि 'कायम'चा म तिथे बरोबर बसला होता. गाणं रेकॉर्ड झालं. अमेरिकेतल्या ऑफिसनं मंजूरही केलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वहिनी गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर लहूभाऊंचा फोन आला. "ताई, एक ओळ बदलायची हाय."

"गाणं मंजूर झालंय, भाऊ."

"म्हाइत हाय. तरी इचारतो."

मग त्यांनी सांगितलं. शेवटच्या दिवशी दुपारी त्यांची मुलगी वैशाली आईजवळ बसली होती. नर्सिंगला शिकणारी पोर, कितीतरी जागरणांनी तिच्या डोळ्यांवर झापड आलेली. वहिनी तिला म्हणाल्या, "झोप तू जरा. उठशील तवा मी हितंच हाय." पोरीनं खाटेच्या कडेला डोकं टेकलं. ती उठली तेव्हा आई नव्हती.

"तवापासनं घरात बोलत न्हाई ती," लहूभाऊ म्हणाले. "एकदाच म्हणली, आई मला खोटं बोलली. मी काय समजावू तिला? गाण्यात आलं तर ऐकंल, असं वाटतंय."

त्यांची नवी ओळ होती, 'झोप तू, उठशील तेव्हा मी इथंच'.

तिकडच्या ऑफिसनं आधी नकार दिला. मरणारी आई पिल्लाला खोटं आश्वासन देते हे बरं दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मी पुन्हा लिहिलं, या वेळी सगळं लिहिलं. ते पत्र मूळ गाणं लिहिणाऱ्या बाईंपर्यंत पोचलं. आयुष्यभर हॉलिवूडसाठी गाणी लिहिलेली ती पिकल्या केसांची बाई. तिनं लहूभाऊंशी बोलायचं ठरवलं. व्हिडिओ कॉलवर एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला इस्त्रीचा शर्ट घालून लहूभाऊ, आणि मधे दुभाषी मी.

तिनं विचारलं, "आपण खोटं बोलतोय हे त्या आईला माहीत असतं का?"

मी मराठीत सांगितलं. लहूभाऊ म्हणाले, "तिला म्हाइत असतं. पण लेकराला झोपवायचं असतं ना. खरं बोलून लेकरू झोपत नाय."

मी ते इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली, ही ओळ घ्या, ऑफिसला मी सांगते.

गायिकेला पुन्हा बोलावलं. तिनं ती ओळ अगदी हळुवार म्हटली. रेकॉर्डिस्टनं ओळ चित्राला लावली. पडद्यावरची आई पिल्लाजवळ येते, गाते, आणि शेवटी ओठ घट्ट मिटते. त्या मिटल्या ओठांतून 'इथंच' बाहेर पडत होतं.

कुणाच्या लक्षात येणार नाही, असं गायिका म्हणाली. रेकॉर्डिस्टही तेच म्हणाला. मी तर काही करून ती ओळ ठेवायच्या बाजूची होते. लहूभाऊंनी तुकडा तीन-चारदा पाहिला. शब्द उलटे फिरवून पाहिले, शेवटी म आणायची खटपट केली, पण प्रत्येक वेळी वहिनींचं बोलणं मोडत होतं. अखेर त्यांनी चष्मा काढला.

"राहू द्या, ताई. पहिलीच ठेवा."

"भाऊ, इतकी खटपट करून?"

"ह्या टायमाला मी पडदा बघितलाच नाय. नुसतं मनातलं लिवलं. आई खोटं बोलली तर चालतं, तिचं तोंड खोटं दिसता कामा नये. पोरं लगेच वळखत्यात."

गाणं 'कायम'सकटच गेलं. त्या रात्रीच्या गाडीनं ते घोडेगावला परतले. मी सोडायला गेले. त्यांनी पाण्याची बाटली घेतली आणि गाडीत चढले.

सिनेमा लागला तेव्हा नारायणगावच्या थिएटरात मराठी खेळ होता. मी मुद्दाम गेले. लहूभाऊ आले होते आणि वैशालीला घेऊन आले होते. ती आमच्या दोघांच्या मधे बसली, हातातली पॉपकॉर्नची पुडी न फोडता. पुढच्या रांगेत एक लहानगी आईच्या मांडीवर होती.

अंगाई सुरू झाली. थिएटरातली चुळबुळ थांबली. पडद्यावरची आई पिल्लाभोवती एक गिरकी घेऊन थांबली आणि त्या ओळीशी आली. तिनं चांदण्यांचं सांगितलं. त्याच वेळी माझ्या शेजारून, चालीत, अगदी दबक्या आवाजात दुसरीच ओळ ऐकू आली. झोप तू, उठशील तेव्हा मी इथंच. लहूभाऊंनी ती घरी कधीतरी गुणगुणली असणार आणि पोरीनं ऐकली असणार.

पिल्लू झोपलं. पडदा निळा झाला. वैशाली समोर पाहतच म्हणाली, "पप्पा, मी त्या दिवशी झोपायला नको व्हतं."

लहूभाऊंनी तिच्या हातावर हात ठेवला.

"तिनंच सांगितलं व्हतं ना झोप म्हणून," ते म्हणाले. "तू आईचं ऐकलंस, बाळा."