तळपायाची परीक्षा

तहसील कचेरीच्या आवारात मी अनेक वर्षे लोकांचे अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. तरी माझ्या मसुद्यातील शब्द बदलण्याची गरज आजवर कोणा अधिकाऱ्यास भासलेली नाही. म्हणून भावी डॉक्टरांच्या परीक्षेसाठी रुग्ण म्हणून येण्याची विनंती रुग्णालयाने केली, तेव्हा निवड योग्य माणसाची झाली, असेच मला वाटले.

मधुमेहामुळे माझे पाय तोवर माझ्यापासून दुरावले होते. चालताना खाली कापूस अंथरल्यासारखे वाटे. गोदावरीच्या पायऱ्या उतरताना पाणी पावलांना लागले, हे मला डोळ्यांनी पाहूनच कळे.

वॉर्डात कोवळे ऊन चादरींवर निजले होते. शेजारच्या खाटेवर सिन्नरकडचे एक शेतकरी होते. आपले वाढलेले यकृत घेऊन ते नेहमी परीक्षेला येत. आजाराचे नाव आपण सांगायचे नसते, पोरांनी ओळखायचे असते, अशी समज त्यांनी मला दिली. माझ्याकडे एक विद्यार्थिनी येताना पाहून ते हळूच म्हणाले, "मागल्या टायमाला ही पोरगी माझ्याच खाटेवर नापास झाली. संभाळून घ्या."

तिने मला डोळे मिटायला सांगितले. तळव्याला कापूस लागला की "हो" म्हणायचे.

डोळे मिटताच वॉर्ड विरघळला. मी पुन्हा नववीच्या बाकावर होतो. तीच शांतता, तीच नापास होण्याची भीती. स्पर्श कळत नव्हता. मात्र ती वाकली की तिच्या ॲप्रनची सळसळ होई. त्या सुमाराने मी "हो" म्हणत गेलो आणि मनोमन सुखावलो.

परीक्षक आले. पायांची संवेदना शाबूत असल्याचे तिने सांगितले. त्यांनी माझा तळवा वळवून त्यावरचा भाजल्याचा खोल व्रण पाहिला.

"मग एवढा चटका बसला, तो यांना कळला कसा नाही?"

हातातला कापूस तिने घट्ट मुठीत धरला. परीक्षा कोणाची चालली आहे, हे मला त्या मुठीकडे पाहून उमगले.

"साहेब, दोष माझा आहे," मी म्हणालो. "मला काहीच लागत नव्हते. अंदाजाने हो म्हणालो."

"का हो, काका?" तिने विचारले.

"मला वाटले, मार्क मला मिळणार."

शेजारची खाट हसण्याने हलली. परीक्षक मात्र हसले नाहीत. त्यांनी तिला पुन्हा तपासायला सांगितले.

या वेळी तिने कापूस आधी माझ्या कपाळाला लावला. "काका, असं वाटलं तरच बोला."

मी डोळे मिटले. सळसळ झाली, बोललो नाही. पुन्हा झाली, नाही बोललो. ती शांतता पसरत गेली आणि माझी पावले तिच्यात कुठेतरी दूर तरंगत राहिली. मग गुडघ्याखाली वीतभर अंतरावर काहीतरी हुळहुळले.

"हो."

तिने तिथे पेनाने रेघ ओढली. "इथून खाली नाही, सर."

"कारण सांगा."

ती सांगू लागली. मी डोळे उघडले नाहीत. माझ्या पायांची हकिगत दुसऱ्या कोणाच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होतो, आणि तिचा आवाज आता कुठेही अडखळत नव्हता.