दुसरी टाळी

बाईंनी शब्द दिला, 'नाही'. मी एक टाळी वाजवली.

महाडच्या एका शाळेतल्या बालवर्गाची पालकसभा होती. आम्ही बारा-पंधरा आया मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर अवघडून बसलो होतो. मुलं शब्द कसे तोडतात, ते बाई आमच्याकडून करून घेत होत्या. शब्द म्हणायचा आणि त्याचे तोंडातून जेवढे तुकडे पडतील तेवढ्या टाळ्या वाजवायच्या. डॉक्टरांच्या बायकोच्या वाट्याला 'पाणी' आलं. पा, णी. दोन टाळ्या. "छान हं, मॅडम, तुम्ही बसा," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आता तू. नाही."

त्यांनी 'नाही' म्हटलं ते मला नीट ऐकू आलं होतं. पण माझ्या तोंडातल्या तोंडात त्याचं 'नाय' झालं. हात तोंडाचं ऐकतात, कानाचं नाही. एक टाळी पडली आणि मी थांबले.

माझी पाच वर्षांची लेक मांडीला टेकून उभी होती. तिने हळूच दुसरी टाळी वाजवली. माझ्या वतीने. आईचं कमी पडलेलं भरून काढल्यासारखी.

सगळ्या हसल्या. बाई म्हणाल्या, "शाब्बास! घरी आईला पण शिकव हं."

लेकही हसली. माझ्याकडे बघून नाही. बाईंकडे बघून.

त्यांच्या 'तू'चा राग मला सवयीचा आहे. बाजारात त्या माझ्याकडूनच भाजी घ्यायच्या, तिथेही 'तू'च असायचे. पण लेकीची ती नजर मला सोसली नाही. तिने माझ्याकडे तसं बघितल्याचं मला आठवेना.

मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली. कशेडीत दरड पडली की गाड्या घाटाच्या पायथ्याला अडकायच्या, तेव्हा मी काकड्यांची टोपली घेऊन एसटीच्या खिडक्यांखालून पळायची. गाडी हलायच्या आत हाक खिडकीत शिरायला हवी. एका पावलाला 'काक्', दुसऱ्या पावलाला 'डी'. शब्द तोडायला मला कोणी टाळ्या वाजवून शिकवलं नाही. आज महाडात माझा स्वतःचा गाळा आहे. घासाघीस करायला खानावळवाले बायकांना पुढे करतात, माझ्यासमोर स्वतः येत नाहीत. दहावी मी बाहेरून दिली. गिऱ्हाईक बघून 'नाही' म्हणते, वाडीवरचं माणूस आलं की 'नाय'. दोन्ही येतात मला.

तरी त्या दिवसापासून मी बाईंवर जळायला लागले. त्यांच्या इस्त्रीच्या साडीवर नाही, तशा साड्या मी घेऊ शकते. लेक आता हात मागे बांधून चालायची, त्यांच्यासारखी. बाहुलीला म्हणायची, "लक्ष कुठंय?" अगदी त्यांच्या आवाजात. दर वाक्याआधी 'बाई म्हणतात'. ताप आला तेव्हा मी कपाळावर हात ठेवला तर म्हणाली, "बाईंचा हात गार असतो." मी पाण्यात हात बुडवून आले. परत ठेवला.

शाळा सुटली की ती गाळ्यावर येऊन बसते. एक दिवस वाडीवरची काकी आली. "मेथी हाय का गो?"

"नाय गो काकी, सरली."

मागून टाळी वाजली. एकच. पुढचं गिऱ्हाईकही वाडीवरचंच, त्यालाही मी 'नाय' म्हटलं, परत एक. काकीने विचारलं, ही पोर टाळ्या कशाला वाजवते. लेक म्हणाली, "आईचं चुकतं ना, म्हणून."

मी तिच्या हातावर फटका मारला. जोरात. मारायचा होता दुसऱ्याच कुणाच्या हातावर, पण जवळ हाच होता. ती रडली नाही. दोन्ही हात फ्रॉकखाली घेऊन बसून राहिली.

त्या शनिवारी बाई भाजीला आल्या. वांगी उचलली, भाव विचारला. मी सांगितला. त्या घाईघाईने म्हणाल्या, "नै गं, एवढं नै परवडत."

मी तराजू खाली ठेवला आणि एक टाळी वाजवली.

"काय झालं?"

"तुमचं 'नै' मोजलं. एकच भरलं."

बाईंचा चेहरा लाल झाला. "अगं, ते बोलण्याच्या ओघात झालं. शाळेत शुद्धच लागतं."

मी म्हटलं, टाळ्या तर तुम्ही बोलण्याच्याच मोजता. मग लेकीच्या दप्तरातून त्यांनीच दिलेला कागद काढला. काकडीचं चित्र, खाली टाळ्यांचे तीन गोल. म्हटलं, ही म्हणून दाखवा. बाईंनी म्हटली. काक्, डी. आणि स्वतःच थांबल्या.

"हे अक्षरांवरून मोजलं गेलंय," त्या म्हणाल्या. "काकडीचं बघते मी." मग आवाज उतरवला. "हे बघ, घरी म्हणू दे तिला 'नाय'. शाळेत 'नाही'. मग तर झालं?"

सौदा चांगला होता. थोडं तुमचं, थोडं माझं, यावरच माझा गाळा उभा आहे. पण हे अर्धं मी घेतलं असतं, तर माझं बोलणं घरात लपवून ठेवायची वस्तू झाली असती.

मी म्हटलं, "तिला 'नाही' शिकवा. मलाच हवंय ते. दोन टाळ्या वाजवा. पण 'नाय' आलं की एक वाजवायची आणि बरोबर म्हणायचं. माप एकच ठेवा. आणि ज्या खोलीत हसलात, त्याच खोलीत म्हणा."

"वर्गात असं चालत नाही."

"मग वांगी पण नाय."

त्या रिकामी पिशवी घेऊन गेल्या. आता दुसरीकडे भाजी घेतात.

लेक सगळं बघत होती. माझ्या त्या 'नाय'मागे टाळी आली नाही. मी खूश व्हायला गेले आणि थांबले. तिचे हात फ्रॉकखाली होते. तेव्हापासून ती माझ्यासमोर 'नाही' म्हणत नाही, 'नाय'ही म्हणत नाही. नुसती मान हलवते. हे बाईंनी केलेलं नाही. माझ्या फटक्याने केलंय. ते मलाच निस्तरायचंय.

शाळेत अजून ती त्यांच्याकडे तशीच बघते. मी रोज सोडायला जाते तेव्हा दिसतं, आणि मी रोज आतून जळते. जळणं थांबेल म्हणून मी वाट बघत बसणार नाही.

पुढच्या पालकसभेला मी पहिल्या खुर्चीवर बसणार आहे. बाईंनी शब्द द्यायच्या आत मीच मागून घेणार, तोच. सगळ्यांदेखत एक टाळी वाजवणार आणि हात खाली घेणार. हसतील. चुकलं म्हणतील. अजून एक वाजव म्हणतील.

नाय.