बाबांनी खोडलेली तात्पर्यं

माझे सासरे शशिकांत यांनी जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं गाडीच्या दरवाज्यांच्या बिजागऱ्या तपासल्या. दरवाजा लाख वेळा उघडायचा, लाख वेळा मिटायचा, मगच पास. निवृत्तीच्या दिवशी एका इटालियन मित्राने त्यांना आपलं लहानपणीचं गोष्टींचं पुस्तक दिलं. दुसऱ्या कोणी ते शोकेसमध्ये ठेवलं असतं. बाबा त्रेसष्टाव्या वर्षी फोल्क्सहोखशूलेच्या, म्हणजे प्रौढांच्या शाळेच्या, संध्याकाळच्या वर्गात इटालियन शिकायला बसले.

लेखक म्हणजे डोंगरातले एक शाळामास्तर. इटलीत त्यांच्या गोष्टी घरोघरी वाचतात. आपल्याकडे नाव सांगून कोणाला कळणार नाही. बाबा त्यांना 'आमचे मास्तर' म्हणतात, जणू त्यांच्याच हातच्या छड्या खाल्ल्यात.

त्या गोष्टी मराठीत आणायचा हा सगळा खटाटोप माझ्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी, उर्जासाठी. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये, आजोबांनासुद्धा. मी सांगून, रागावून थकले. एकदा बाबा म्हणाले, "सुरुची, नात माझ्याशी ऑफिसातल्या कलीगसारखी बोलते गं. मरायच्या आधी तिचं मराठी ऐकायचंय." मी म्हटलं, "अहो बाबा, मरणाचं काय काढलंत!" आणि आत जाऊन रडले.

दोन वर्षांत बाबांनी एकवीस गोष्टी मराठीत आणल्या. पानापानावर कारखान्यातल्यासारखा रिव्हिजन नंबर, आणि प्रत्येक गोष्टीखाली पदरचं तात्पर्य. मास्तरांनी ते कुठेच लिहिलं नव्हतं, पण तात्पर्याविना गोष्ट म्हणजे बाबांच्या लेखी अर्धवट काम.

शनिवारच्या मराठी वर्गात त्यांनी एक गोष्ट वाचली. मुलं गुंगली होती. 'तात्पर्य' हा शब्द आला आणि सगळ्यांनी दप्तरांच्या चेनी लावल्या. "फेर्टिष," उर्जा म्हणाली. संपलं.

बाबांचा चेहरा उतरला, पण तासभरच. हार मानतील ते बाबा कसले! घरी येऊन त्यांनी पुस्तकाच्या शेवटी दिलेलं मास्तरांचं चरित्र उघडलं. प्रत्येक मॅन्युअल तोंडपाठ असणाऱ्या माणसाने नेमकी हीच पानं सोडली होती. तपासणीला आलेल्या साहेबाने मास्तरांना बजावलं होतं, गोष्टीखाली बोध लिहा. मास्तरांनी ऐकलं नाही. बदली झाली थेट डोंगरातल्या शेवटच्या खेड्यात, आणि तिथेही त्यांनी बोध लिहिला नाही.

बाबांनी लाल पेन घेऊन एकवीसच्या एकवीस तात्पर्यं खोडली. "आल्झो, तर मग, रिव्हिजन पाच," म्हणाले.

पुढच्या शनिवारी नीनाची गोष्ट होती. जखमी लांडग्याला नीना शब्द देते की तुझी गुहा कोणाला सांगणार नाही. मग गावातल्या शेळ्या नाहीशा होऊ लागतात. गावकरी विचारतात, "नीना, तुला काही माहीत आहे?" एवढं वाचून बाबांनी वही मिटली.

"मग?" देवश्रीने विचारलं. ही मुलगी तीन आठवड्यांपूर्वी पुण्याहून आलेली, जर्मनचा गंध नाही.

"पुढे नाही. तुम्हीच सांगा."

"तिने सांगायचं नाही. प्रॉमिस म्हणजे प्रॉमिस," देवश्री म्हणाली.

उर्जा ताडकन उठली आणि जर्मनमध्ये तोफ डागली. देवश्री थंडपणे म्हणाली, "मला कळत नाही. म्हणजे मीच जिंकले."

असं कोणी बोललेलं माझ्या लेकीला खपत नाही. आईवर गेली आहे.

"नाइन! नाही जिंकली! शेळ्या मरतात. शेळीची आई रडते. नीना सांगणार!"

"आणि लोकांनी लांडग्याला मारलं तर?"

उर्जा अडली. शब्द शोधताना कान लाल झाले. "मग... ती आधी लांडग्याला सांगणार. मी उद्या गावाला सांगते. तू आज पळ."

"ते चालत नाही!"

"चालते!"

दोघी हमरीतुमरीवर आल्या. मी दाराशी उभी होते. तेवढ्यात उर्जाने बाबांचा हात धरून गदागदा हलवला.

"आजोबा, तू सांग ना हिला! आजोबा! तू बोलत का नाही?"

बाबा तिचं मराठी ऐकत होते.