जुना पट्टा घेऊन या

पलूसमध्ये मशीनच्या पट्ट्यांचं दुकान चालवताना भिंतीवर पट्टे कमी आणि डोक्यात गिऱ्हाइकं जास्त साठलीत. माप जरा चुकलं की मशीन चालत नाही आणि शिव्या मला बसतात. म्हणून शेवटी वैतागून दारातच पुठ्ठ्याचा बोर्ड लावला: 'जुना पट्टा घेऊन या.'

तर एकजण पुलीभोवती दोरी फिरवून माप घेऊन आला. मी ती टेपवर धरली, तर वाढतच गेली. इलॅस्टिक होतं!

"घरात त्येच घावलं," तो म्हणाला. "तुमी जरा बेतानं ओढा की."

एक रिटायर्ड सुभेदार आले. "साडेनऊ वीत. पक्कं माप हाय."

म्हटलं, घाला काउंटरवर वीत.

"वीत आमच्या मंडळींची हाय."

दुसऱ्या दिवशी मंडळींना घेऊन आले. मी विचारलं, "वहिनी, पट्टा आतनं मोजला का बाहेरनं?" त्यांनी सुभेदारांकडं रोखून बघितलं. "ह्यांनी मोज म्हटलं. कुठनं ते कुठं सांगितलं?"

पिठाच्या गिरणीवाल्यानं व्हॉट्सअॅपवर खिळ्याला टांगलेल्या पट्ट्याचा फोटो पाठवला. मी फोन करून सांगितलं, फोटोवरनं लांबी कळत नाही. पाच मिनिटांत तोच फोटो मोठा करून आला. त्या दिवशी मी जेवलोच नाही नीट.

एकानं मात्र खरंच जुना पट्टा आणला. निम्मा.

"तुमी दुप्पट करा."

"बरोबर निम्माच आहे का?"

"अंदाजे."

आणि मग शिवादादा. सकाळीच फोन. कडबाकुट्टीचा पट्टा तुटलेला, तिन्ही म्हशी उपाशी, अख्खा कडबा तोंडात घेईनात. तुटलेल्या पट्ट्याच्या पार चिंध्या झालेल्या, नंबर गेलेला.

"त्याच्या आधीचा असेल की घरात?"

"हाय. पर म्हशीच्या गळ्यात बांधलाय."

"मग सोडून आणा."

"आवं, त्यो काढला की ही दूध चोरती, सडात उतरूच देत न्हाई. लय खोडीची हाय."

मी वैतागून म्हणालो, पट्टा बघितल्याशिवाय देणार नाही, आणि फोन ठेवला.

तासाभरानं दारात टेम्पो लागला. मागं म्हैस. शिवादादांनी तिची वेसण धरली, मी चढून तिच्या मानेखाली डोकं घातलं आणि शेण पुसून नंबर वाचला. बी-बावन्न. खाली उतरून दुकानातला नवा पट्टा काढून त्यांच्या हातात दिला, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

वळून बघतो तर म्हशीनं मान लांब करून दारातला बोर्ड ओढलेला. 'घेऊन या' तेवढं तोंडाबाहेर होतं.

शिवादादा ओशाळून म्हणाले, "सकाळधरनं उपाशी हाय ती."